अध्यक्षांचं बटण

आमच्या कॉलेजच्या पाटीवर 'संगीत तंत्रज्ञान' असं लिहिलंय. पाटीचं काय, रंगवणाऱ्याला जे सांगाल ते तो लिहितो. तीन वर्षांत मी तिथे जे शिकले ते एका दमात सांगते: पडद्याकडे बघत मान डोलवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि सर जे म्हणणार आहेत ते सरांच्या आधी म्हणायचं. एवढं ज्याला जमलं तो पहिल्या वर्गात पास.

सर म्हणजे उबदार सर. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण 'ऊब' या शब्दाशिवाय त्यांचं पान हलत नाही, म्हणून सगळं कॉलेज त्यांना उबदार सरच म्हणतं. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. कुणी रेकॉर्डिंग ऐकवलं की मान तिरकी करून बसणार आणि शेवटी सुस्कारा सोडून म्हणणार, "चांगलं आहे रे, पण थंड आहे. ऊब नाही." आणि मग ऊब आणायला आजोबांकडे वळणार.

आजोबा म्हणजे माणूस नव्हे, पेटी. बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओने कॉलेजच्या गळ्यात मारलेली राखाडी रंगाची जुनी पेटी. सहा बटणं, एक सुई, एक पिवळा दिवा, आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. तिच्यातून आवाज गेला की गोड होऊन बाहेर पडतो अशी तिची ख्याती. सकाळी ती चालू केली की वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. "आजोबांना जाग येऊ दे," असं सर कुजबुजायचे, आणि आम्ही एकवीस जण तळघरातल्या त्या भिंतींना स्पंज चिकटवलेल्या खोलीत पेटी तापायची वाट बघत बसायचो. तेवढ्या वेळात दूध तापवलं असतं तर निदान चहा तरी झाला असता.

मग सर दुसरं बटण दोन रेघा पुढे सरकवायचे. सुई थरथरायची. "आली?" सर विचारायचे. "आली सर," वर्ग म्हणायचा. देवळात पुजाऱ्याच्या मागून म्हणतात ना, तसं.

यात सगळ्यात मोठा आवाज हेडफोनचा. हा एका बिल्डरचा मुलगा. गळ्यात कायम महागाचा हेडफोन, कानाला लावलेला मात्र मी तीन वर्षांत दोनदा पाहिला असेल. "सर, खालच्या सुरांना लोण्यासारखा पोत आलाय," असं काहीतरी तो बोलायचा आणि सर कृतकृत्य व्हायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

आणि मागच्या खुर्चीत ठोंब्या. हे नाव मी ठेवलेलं, आणि ते चिकटलं याचा मला अभिमान होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी "आली?" विचारलं, वर्ग "आली" म्हणाला, आणि हा हात वर करून म्हणतो, "सर, मला फरक कळला नाही." खोलीत हशा पिकला. सर मायेने म्हणाले, "कान तयार व्हायला वेळ लागतो बाळा." वेळ लागला तो लागलाच. तीन वर्षं प्रत्येक प्रयोगवहीत त्याचं एकच वाक्य: 'दुसरं बटण फिरवलं. मला फरक कळला नाही.' दहापैकी तीन मार्क. पुढचा प्रयोग, तेच वाक्य, तेच तीन. एवढं साधं खोटं ज्याला बोलता येत नाही त्याने कॉलेजात यावंच कशाला, असं मला वाटायचं.

मी काय लिहायचे? पहिल्या सत्रात आजोबांवर निबंध होता, मी दोन पानं लिहिली. 'आवाज जणू थंडीतून घरात आला' असं काहीतरी. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मार्कांसाठी लिहिला हो, मार्कांसाठी कोण काय लिहीत नाही.

कारण मला पाहिजे होती ती एक जागा. शहरातला सगळ्यात मोठा स्टुडिओ दरवर्षी आमच्या कॉलेजातून एकच जण मदतनीस म्हणून घेतो. एकच. बाकीचे वीस जण मोबाइलच्या दुकानात हेडफोन विकतात किंवा घरी बसून आईबापांना 'मी फ्रीलान्स करतो' असं सांगतात. आणि माझ्यापुढे तर तेही नव्हतं. मला ती जागा मिळाली नाही तर बाबांचा टेम्पो ठरलेला होता.

बाबा साउंड सर्व्हिस चालवतात. लग्न, सभा, शाळेची संमेलनं, जिथे कुणाला मोठ्याने बोलायचं असेल तिथे बाबांचे स्पीकर. आमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यापेक्षा केबलची वेटोळी जास्त. आई टीव्ही बघता बघता केबल गुंडाळते, दुसऱ्यांच्या आया लोकर गुंडाळतात तशी. मी त्या घरात वाढले आणि मला त्याची लाज वाटायची, हे स्पष्टच सांगते. बाबा माइक तपासायला अजूनही "हॅलो हॅलो, एक दोन तीन" म्हणतात. मी त्यांना सांगून थकले की बाबा, अशाने काही तपासलं जात नाही. ते म्हणतात, "माइक चालू आहे एवढं तर कळतं ना." कॉलेजात गेल्यापासून शनिवार-रविवारी मी त्यांच्या कार्यक्रमांना जायचे, हॉलभर फिरून ऐकायचे आणि फोनवरून त्यांना काय कुठे कमी करायचं ते सांगायचे. ते निमूटपणे करायचे. माझ्यामुळे त्यांचा आवाज सुधारला असं माझं मत होतं.

तर आजोबांची खरी गोष्ट मला कळली आठ महिन्यांपूर्वी. माझं कानातलं पडलं. प्रॅक्टिकलच्या आधी मी एकटी खोलीत होते आणि कानातलं घरंगळत आजोबांच्या मागे गेलं. पेट्यांचं ते कपाट चाकांवर आहे, मी ते पुढे ओढलं, मागे वाकले, आणि कानातल्याशेजारी एक केबल लोंबकळताना दिसली. तिचं टोक कशातच नव्हतं.

मी हाताने माग काढला. आवाजाची एक केबल आजोबांच्या आत जात होती, म्हणून सुई नाचायची. पण आजोबांकडून परत मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या यंत्राला, जाणारी केबल ही अशी लोंबत पडलेली. आजोबांपर्यंत गेलेला आवाज बाहेर येतच नव्हता. आम्हाला ऐकू यायचा तो मिक्सरमधून सरळ आलेला, न शिवलेला आवाज. आणि केबलच्या पितळी टोकावर पिवळट रंगाचे वाळलेले शिंतोडे होते. तोच रंग कपाटामागच्या भिंतीवर होता. खोली रंगवली गेली ती आम्ही कॉलेजात यायच्या आधीच्या सुट्टीत. म्हणजे आमच्या वर्गाने आजोबांना कधी ऐकलेलंच नव्हतं. तीन वर्षं ऊब येत होती ती एका सुटलेल्या केबलमधून.

मी जमिनीवर बसून पोट धरधरून हसले. आणि मला अध्यक्ष आठवले.

बाबांच्या मिक्सरवर सोळा बटणांची रांग आहे, त्यातलं सोळावं मेलेलं. माझ्या लहानपणी त्याच्यावर कुणीतरी सरबत सांडलं होतं. बाबांनी त्याच्याखाली पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पेनाने लिहिलंय 'अध्यक्ष'. कुठल्याही कार्यक्रमात एक मंडळाचे अध्यक्ष असतातच. आवाज मस्त लागलेला असतो, तेवढ्यात ते येतात आणि म्हणतात, "जरा गोड करा हो." बाबा म्हणतात, "करतो साहेब," आणि सोळावं बटण हळूच फिरवतात. "आता?" "हां, आता बघा." अध्यक्ष खूश होऊन जातात. लहानपणी मला हा जगातला सगळ्यात भारी विनोद वाटायचा. आमच्या घरात कुणाची उगीच समजूत काढायची असली की आई बाबांना डोळ्याने खुणावते, अध्यक्ष फिरवा.

आणि इथे कॉलेजने अख्खी पेटीच अध्यक्षांची मांडून ठेवली होती. तिच्यावर परीक्षा होती. तिला मार्क होते.

मी कुणाला सांगितलं नाही. केबल होती तशी सोडली, कपाट मागे ढकललं. ते आठ महिने माझे फार छान गेले. सर बटण फिरवायचे, वर्ग माना डोलवायचा, हेडफोन लोणी काढायचा, आणि मी मागे बसून गालातल्या गालात हसायचे. मीही "आली सर" म्हणायचे, सगळ्यांत गोड आवाजात. ठोंब्या "मला फरक कळला नाही" म्हणाला की सगळ्यांबरोबर मीही हसायचे, उलट जरा जास्तच. तो बरोबर होता हे मला माहीत होतं, म्हणून तर आणखी हसू यायचं. बिचाऱ्याला आपण बरोबर आहोत हेसुद्धा कळत नव्हतं.

दरवर्षी सर स्टुडिओला एक नाव कळवायचे. या वर्षी स्टुडिओवाल्या बाई स्वतः येणार असं कळलं. तिघांना निवडलं: हेडफोन, मी, आणि तिसरी मुलगी आजारी पडली म्हणून ऐनवेळी ठोंब्या. प्रत्येकाला दहा मिनिटं, एकच गाणं, आजोबा वापरून जुळवायचं. ऐकलं आणि माझं ठरलं. बाईंसमोर कपाट पुढे ओढायचं. सगळं कॉलेज तीन वर्षं बहिरं होतं आणि माझ्या एकटीला कान होते, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं की जागा माझीच. सरांचं काय होईल याचा विचार मी केला नाही असं नाही. केला आणि मजा वाटली.

बाई आल्या त्या साध्या चपला घालून, खांद्याला कापडी पिशवी. केस पिकलेले. सरांनी आजोबांची ओळख करून दिली तेव्हा त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि खुर्ची फिरवून सगळ्या यंत्रांकडे पाठ करून बसल्या. "डोळ्यांनी ऐकायची सवय लागते," त्या म्हणाल्या, "म्हणून मी अशी बसते." मला वाटलं, ही बाई आपल्या जातीची.

पहिला हेडफोन. त्याने आठ मिनिटं आजोबांची सहाच्या सहा बटणं फिरवली आणि शेवटी ऊब, पोत, खोली यावर व्याख्यान दिलं. बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गाणाऱ्या मुलीचे शब्द कळत नाहीत." त्या गडबडीत मुलीचा आवाज वर घ्यायला तो विसरला होता.

मग ठोंब्या. त्याने मुलीचा आवाज वर घेतला, ढोलाचा थोडा खाली केला आणि हात मांडीवर ठेवून बसला. अजून पाच मिनिटं बाकी. सरांना राहवेना. "अरे, आजोबा?" ठोंब्या म्हणाला, "सर, मला त्याने फरक कळत नाही. उगाच कशाला फिरवू." सरांनी कपाळाला हात लावला. मी हसले. बाईंनी मान थोडी वळवली.

माझी पाळी आली. मी खुर्चीत बसलेच नाही. "मी एक प्रयोग दाखवते," मी म्हटलं, आणि गाणं चालू केलं. "सर, दुसरं बटण तुम्हीच फिरवा ना. तुमच्याइतकं कुणाला जमत नाही." सर लाजले. फिरवलं. "आली?" त्यांनी सवयीने विचारलं. "आली," हेडफोन म्हणाला. "पूर्ण फिरवा सर," मी म्हटलं. सरांनी शेवटपर्यंत फिरवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता जरा जास्तच झाली." यापेक्षा चांगला क्षण मला आयुष्यात मिळणार नव्हता. मी कपाट खर्रकन पुढे ओढलं, ती केबल उचलली आणि तिचं टोक सगळ्यांसमोर धरलं.

"ही आजोबांकडून येणारी केबल," मी म्हटलं. "कुठेच लावलेली नाही. खोली रंगवली तेव्हापासून. बघा, रंग आहे अजून."

गाणं आपलं चालूच होतं. हेडफोनचं तोंड उघडंच राहिलं होतं, त्यातून या वेळी लोणी काही निघालं नाही. सरांनी चष्मा काढला आणि मफलरने पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच होते. "तीन वर्षं?" ते म्हणाले. "तीन वर्षं सर," मी म्हटलं. ते म्हणताना माझ्या आवाजात जे होतं ते मला तेव्हा फार आवडलं होतं.

बाई उठल्या. माझ्या हातातून केबल घेतली, टोक पदराने पुसलं आणि मिक्सरमागच्या मोकळ्या भोकात लावली. आणि आजोबा पहिल्यांदा बोलले. असा घर्रर्र आवाज आला की ठोंब्याने कान झाकले. गाणं कुठल्या कुठे, नुसती घरघर, मध्येच कुणी खाकरल्यासारखी करकर. पेटी आतून केव्हाच मेली होती. बाईंनी केबल पुन्हा काढली आणि खोली शांत झाली.

"कधी कळलं तुला?" त्यांनी मला विचारलं.

"आठ महिन्यांपूर्वी," मी ऐटीत म्हटलं.

"त्याआधी? ऊब ऐकू यायची?"

"छे."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आणि कळल्यावर सांगितलंस कुणाला?"

"कुणालाच नाही. आज पहिल्यांदा."

मला वाटलं आता शाबासकी. बाई पिशवीत डायरी शोधत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे मदतनिसाला पहिली दोन वर्षं एकच काम असतं. केबल सुटलेली दिसली की ओरडायचं. कोण बसलंय, कोण गातंय, बघायचं नाही, ओरडायचं. केबल बघून आठ महिने हसत बसणारं माणूस मला परवडत नाही." मग त्यांनी ठोंब्याकडे वळून विचारलं, "सोमवारी सकाळी आठला येशील?"

"मी?" ठोंब्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण बाई, याला काहीच ऐकू येत नाही."

"नाही ना," बाई म्हणाल्या. "आणि जे ऐकू आलं नाही ते नाही आलं म्हणाला. त्याच्या वह्या बघितल्या मी सकाळी, सरांनीच दाखवल्या. तीन वर्षं, तीन-तीन मार्कांवर."

वासरांत लंगडी गाय शहाणी, असं मी जिना चढताना स्वतःशी म्हणत होते. जागा कुणाला, तर ठोंब्याला. ज्याला नावसुद्धा मी ठेवलं. मागून सरांची हाक आली. मला वाटलं, आता हे बोलणार आणि आपण ऐकवणार, माझी सगळी तयारी होती. सरांनी फक्त दोन कागद पुढे केले. पिवळे पडलेले, कोपऱ्यात टाचणी. माझा पहिल्या सत्रातला निबंध. "जपून ठेवला होता," ते म्हणाले. "दर वर्षी नव्या मुलांना वाचून दाखवायचो. आता नको. तुझा तुला असू दे." आणि मफलर सावरत खाली गेले. बाईंना ते तो दाखवू शकत होते, खिशातच होता. मी कागद न बघता पिशवीत कोंबले.

घरी मी काही बोलले नाही, पण बाबांना चेहऱ्यावरून कळलं. "गेली?" त्यांनी विचारलं. "गेली," मी म्हटलं. "बरं. उद्या दुपारी शाळेचं संमेलन आहे. येतेस?" सांत्वन करण्याची ही त्यांची पद्धत. मी गेले. घरात बसून आईबरोबर केबल गुंडाळण्यापेक्षा ते बरं.

शाळेचा हॉल मोठा, पत्र्याचं छत, सहाशे खुर्च्या. पोरांचा चिवचिवाट, आयांचे मोबाइल वर. मुख्याध्यापिका भाषण करत होत्या, त्यानंतर लहान मुलांचं समूहगान. मी नेहमीसारखी मधल्या रांगांत उभी राहून फोन कानाला लावला. डोक्यात कालचं सगळं घोळत होतं आणि तो राग काढायला बाबांशिवाय समोर कुणी नव्हतं.

"बाबा, फार टोचतोय आवाज. बाईंचा 'स' कानात सुईसारखा जातोय. तुम्हाला कसं कळत नाही? वरचे सूर कमी करा."

"करतो," बाबा फोनवर म्हणाले. क्षणभराने, "आता?"

मी ऐकलं. सुई गेली होती. आवाज गोल झाला होता, स्पष्ट कळत होतं मला. "हां, आता बरं," मी म्हटलं. "हे आधी करायचं असतं." मनात म्हटलं, बघावं म्हणावं त्या स्टुडिओवाल्या बाईंनी, कान कुणाला आहेत.

तहान लागली म्हणून मी खुर्च्यांच्या कडेने मागे यायला लागले. बाबांचं टेबल हॉलच्या मागच्या भिंतीला लागून, पाण्याची बाटली त्याच्याखाली. चालता चालता वाटलं, जरा जास्तच कमी झालं, मुलं गायला लागली की बुजून जाईल. "बाबा, थोडं परत उघडा," मी फोनवर म्हटलं. तेव्हा मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

बाबांचा उजवा हात सगळ्यात कडेच्या बटणावर होता. त्याच्याखालची पट्टी आता पिवळी पडली होती, पण अक्षर त्यांचंच. त्यांनी बटण हळूच, अगदी मन लावून, दोन रेघा फिरवलं.

"आता?" त्यांनी फोनवर विचारलं.

आवाज उघडला होता. मला ऐकू आलं होतं. शप्पथ, मला ऐकू आलं होतं.

मी फोन बंद केला. बाबांनी मागे वळून पाहिलं, मग बटणावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. हात काढला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू कॉलेजात गेलीस ना, त्या वर्षीच्या सुट्टीपासून." ते खोटं बोलू शकत होते, बोलले नाहीत. "पहिल्यांदा तू सांगितलंस तसं खरंच केलं होतं. मागच्या रांगांना शब्दच कळेनात, दोन माणसं उठून आली. रिकाम्या हॉलचं वेगळं आणि भरलेल्या हॉलचं वेगळं असतं गं. तुझं पुस्तकातलं होतं."

"मग सांगायचं ना मला."

"सांगितलं होतं. तू आठ दिवस बोलली नाहीस." त्यांनी स्टेजकडे बघितलं. "आणि नंतर तू म्हणायचीस, आता बरं. इतकी खूश दिसायचीस."

"तुम्ही मला अध्यक्ष केलंत," मी म्हटलं. मला ओरडायचं होतं पण आवाज निघाला तो भलताच. "तीन वर्षं. कार्यक्रमामागून कार्यक्रम."

"अध्यक्ष काही वाईट नसतात," बाबा म्हणाले. "खोटं नाही बोलत ते. त्यांना खरंच गोड लागतो आवाज. मी बघतो ना त्यांचा चेहरा."

स्टेजवर मुलं रांगेत उभी राहत होती. मी टेबलाखाली वाकून बाटली काढली, पाणी प्यायले, झाकण लावलं. कपाट ओढतानाचा माझा तो आवाज, सरांचा पुसून पुसून स्वच्छ झालेला चष्मा, 'जणू थंडीतून घरात आला'. तो निबंध मी मार्कांसाठी लिहिला नव्हता. मला ऐकू आलं होतं म्हणून लिहिला होता. ती केबल दिसल्या क्षणापासून मी हे विसरून गेले होते, आणि इतकी छान विसरले होते की बाईंनी विचारल्यावर 'छे' म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मुलांनी सूर लावला. बाबांनी अध्यक्षांवरचा हात काढला आणि तिसऱ्या बटणावर ठेवला. ते चालतं.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "माझा डावा कान हल्ली वरचं नीट पकडत नाही. कुणाला म्हणालो नाहीये मी, तुझ्या आईलासुद्धा नाही. टोचतोय का आवाज?"

मी ऐकलं. पुढची मुलं, मागची मुलं, पत्र्याचं छत, कुणाच्या तरी बाळाचं रडणं. टोचतोय असं वाटलं. मग वाटलं, नाही. तीन वर्षं मी ज्या आवाजात हे सांगत आले तो आवाज घशाशी आला होता, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मला फरक कळत नाहीये."

त्यांनी मान डोलवली, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं, आणि तिसरं बटण एक रेघ फिरवलं.

"आता?"

"थांबा," मी म्हटलं. "ऐकू द्या."